मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रातली 'क्वचित दृष्टी जाऊ शकते' ही ओळ वाचून अनेकांचा हात सहीपाशी थबकतो. मी भूलतज्ज्ञ आहे. रुग्णाला तासन् तास पालथे ठेवून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि त्या ओळीविषयी रुग्ण व नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतून हे पान तयार झाले आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जो मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शस्त्रक्रिया पाठीवर होते, डोळ्याला कोणी हातही लावत नाही. मग दृष्टी कशी जाऊ शकते?

पाहण्यासाठी तीन गोष्टी शाबूत असाव्या लागतात : डोळ्याचा पडदा म्हणजे रेटिना, तिथून मेंदूकडे जाणारी ऑप्टिक नर्व्ह ही नस, आणि मेंदूचा अगदी मागचा भाग, जिथे दिसलेल्याचा अर्थ लागतो. या तिन्हींना रक्ताचा पुरवठा अखंड लागतो. शस्त्रक्रिया कमरेत चाललेली असली, तरी रक्ताभिसरण साऱ्या शरीराचे एकच असते. रक्त बरेच वाहून गेले, रक्तदाब उतरला, हिमोग्लोबिन खाली आले आणि त्याच वेळी पालथ्या अवस्थेमुळे डोक्यातून हृदयाकडे परतणारे रक्त तुंबले, तर त्याची झळ सर्वात आधी त्या जागेला लागते जिथे पुरवठा मुळातच तुटपुंजा आहे. ऑप्टिक नर्व्हचा काही भाग तसा आहे. क्वचित डोळ्याच्या गोलकावर बाहेरून दाब आल्यानेही दृष्टी जाते. त्याविषयी प्रश्न ५ पाहा.

२. हे नेमके किती जणांना होते?

फार थोड्या. अमेरिकेतील रुग्णालयांच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात मणके जोडण्याच्या, म्हणजे स्पायनल फ्युजनच्या, दर १०,००० शस्त्रक्रियांमागे सुमारे ३ रुग्णांमध्ये दृष्टी गेल्याची नोंद सापडली. त्याच अभ्यासात हृदयाच्या शस्त्रक्रियांमध्ये हे प्रमाण १०,००० मागे ८ ते ९ होते, त्यामुळे हा धोका केवळ मणक्याच्या शस्त्रक्रियेचाच आहे असे समजू नये. ऑप्टिक नर्व्हला रक्त कमी पडून होणारी इजा १९९८ ते २०१२ या काळात फ्युजनच्या शस्त्रक्रियांमध्ये कमी होत गेल्याचेही त्याच देशातील नोंदींतून दिसले आहे.

मात्र ही सरासरी प्रत्येक रुग्णाला सारखी लागू होत नाही. दीड तासाची छोटी शस्त्रक्रिया आणि नऊ तासांची, अनेक मणके जोडण्याची शस्त्रक्रिया एकाच टक्केवारीत मोजणे ही दोन्ही रुग्णांची दिशाभूल ठरते. प्रश्न ६ आणि ७ त्यासाठीच आहेत.

३. दृष्टी जाण्याचे कारण एकच असते की वेगवेगळी?

वेगवेगळी असतात, आणि ती ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण एखाद्या कारणावर तातडीचा उपचार असतो आणि दुसऱ्यावर नसतो.

मणक्याच्या शस्त्रक्रियेत सर्वाधिक आढळते ती ऑप्टिक नर्व्हची रक्तपुरवठ्याअभावी होणारी इजा. तिचे दोन प्रकार आहेत. नसेचा डोळ्याला चिकटलेला पुढचा भाग बाधित झाला, तर तपासणीत नसेचे तोंड सुजलेले दिसते आणि त्याच्या कडेला रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. डोळ्यामागच्या खोबणीतला मागचा भाग बाधित झाला, तर पहिल्या तपासणीत डोळा आतून अगदी निरोगी दिसतो, आणि नेमका हाच प्रकार मणक्याच्या शस्त्रक्रियेत अधिक आढळतो. मागच्या भागाला नसेच्या आवरणातून आत शिरणाऱ्या अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचाच आधार असतो, त्यामुळे तिथे पुरवठ्याला मागेपुढे करायला जागा उरत नाही.

दुसरे कारण म्हणजे रेटिनाच्या मुख्य धमनीतला प्रवाह थांबणे. हे बहुतेक वेळा एकाच डोळ्याला होते, त्या बाजूची पापणी सुजलेली किंवा भुवईवर वळ उठलेला असू शकतो, आणि तपासणीत पांढुरक्या पडलेल्या रेटिनाच्या मध्यभागी लालभडक ठिपका दिसतो.

तिसरे कारण मेंदूच्या मागच्या भागाला झालेली इजा हे आहे. यात डोळे आणि नसा धडधाकट असतात, बाहुल्या प्रकाशाला नीट प्रतिसाद देतात, तरीही रुग्णाला दिसत नाही. काही रुग्णांना तर आपल्याला दिसत नाही याचीच जाणीव नसते आणि ते समोरच्या खोलीचे मनाने वर्णन करत राहतात. नातेवाइकांना हा भुलीचा अंमल वाटतो.

चौथे कारण विरळ असले तरी लक्षात ठेवण्याजोगे आहे : काचबिंदूचा अचानक आलेला झटका. डोळा लाल होतो, ठणकतो, दिव्याभोवती वलये दिसतात, मळमळते. डोळ्यातला दाब ताबडतोब उतरवला तर दृष्टी वाचू शकते.

४. पालथे झोपवल्याने डोळ्यात नेमके काय होते?

डोळ्यात एरवी साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा इतका दाब असतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डोळ्यांचा कोणताही आजार नसलेल्या रुग्णांमध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हा दाब मोजला गेला. जागेपणी उताणे असताना तो सरासरी १९ होता, पालथे केल्यावर २७ झाला, आणि शस्त्रक्रिया संपता संपता ४० पर्यंत पोहोचला. डोळ्यावर बाहेरून काहीही टेकलेले नसताना हे घडले.

डोळ्याला रक्त मिळते ते धमन्यांतला सरासरी दाब आणि डोळ्यातला दाब यांच्या फरकाच्या जोरावर. सरासरी रक्तदाब ८५ आणि डोळ्यातला दाब १५ असेल, तर ७० उरतात. रक्तदाब ६० वर आणला आणि डोळ्यातला दाब ४० झाला, तर उरतात २०. पालथेपणा, वेळ आणि रक्तदाब या तिघांचा एकत्र विचार का करावा लागतो, हे एवढ्या वजाबाकीतून कळते. त्यात डोके हृदयापेक्षा खाली असेल, तर शिरांमधले रक्त तुंबते, चेहऱ्याबरोबर डोळ्याच्या खोबणीतही सूज येते, आणि बारीक रक्तवाहिन्या त्या सुजेत दबल्या जातात असे मानले जाते.

५. म्हणजे कोणीतरी डोळा दाबून ठेवला, ही निष्काळजी झाली, असेच ना?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग मला समजतो. उत्तर मात्र सरसकट होय असे नाही.

या गुंतागुंतीची ओळख पहिल्यांदा झाली ती दाबामुळेच. डोके टेकवायच्या साधनाने डोळा दबून दृष्टी गेल्याची वर्णने १९४८ पासून वैद्यकीय लिखाणात आहेत, आणि १९५४ मध्ये हॉलनहॉर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियांनंतर एका डोळ्याची दृष्टी गेलेल्या रुग्णांचे वर्णन केले. तेव्हापासून पुढची अनेक वर्षे 'दृष्टी गेली म्हणजे डोळा दबला' हेच समीकरण राहिले.

अमेरिकन सोसायटी ऑफ अनेस्थेसिऑलॉजिस्ट्स या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये अशा रुग्णांची नोंदवही सुरू केली आणि २००६ मध्ये तिच्यातील मणक्याच्या शस्त्रक्रियेचे ९३ रुग्ण अभ्यासून मांडले, तेव्हा चित्र पालटले. त्यांपैकी ८३ जणांना ऑप्टिक नर्व्हची इजा होती आणि केवळ १० जणांमध्ये रेटिनाची धमनी बंद झाली होती. ८३ पैकी ५५ जणांचे दोन्ही डोळे बाधित होते. शिवाय १६ जणांचे डोके कवटीला रुतवलेल्या पिनांच्या चौकटीत धरलेले होते, म्हणजे त्यांचा चेहरा कशालाही टेकलेलाच नव्हता.

तेव्हा फरक असा करावा : एकाच डोळ्याची रेटिनाची धमनी बंद पडली असेल आणि सोबत डोळ्याभोवती मुका मार दिसत असेल, तर दाबाचा संशय रास्त आहे आणि तसे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसांना इजा झाली असेल, तर बाहेरचा दाब हे तिचे कारण नसते. कधी कधी सगळी काळजी घेऊनही ती होते.

६. माझी दीड तासाची, एकाच चकतीची शस्त्रक्रिया आहे. मी घाबरावे का?

नाही. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या नोंदवहीतील (प्रश्न ५) ऑप्टिक नर्व्हच्या रुग्णांपैकी ९४ टक्के जण ६ तास किंवा त्याहून अधिक काळ भुलीखाली होते. कमी वेळाच्या, कमी रक्तस्रावाच्या शस्त्रक्रियेत ही इजा अतिशय विरळ आहे. डोळ्यावर दाब येऊ न देण्याची काळजी मात्र छोट्या शस्त्रक्रियेतही तितकीच घ्यावी लागते, कारण त्या इजेला फार वेळ लागत नाही.

७. मग धोका कोणाला अधिक असतो?

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासाने याचे आजवरचे सर्वात नेमके उत्तर दिले. फ्युजननंतर ऑप्टिक नर्व्हची इजा झालेले ८० रुग्ण आणि तशीच शस्त्रक्रिया होऊनही दृष्टी शाबूत राहिलेले ३१५ रुग्ण त्यात शेजारी शेजारी ठेवून तपासले गेले. सहा गोष्टी स्वतंत्रपणे धोका वाढवताना दिसल्या : पुरुष असणे, लठ्ठपणा, विल्सन फ्रेम या कमानीसारख्या चौकटीचा वापर, भुलीचा काळ, रक्तस्रावाचे प्रमाण, आणि शिरेतून दिलेल्या द्रवांमध्ये साध्या सलाईनच्या तुलनेत कोलॉइड प्रकारच्या, म्हणजे मोठे रेणू असल्याने रक्तवाहिन्यांत अधिक काळ टिकणाऱ्या, द्रवाचा कमी वाटा. विल्सन फ्रेमवर धोका चौपटीहून अधिक होता. त्या कमानीवर पाठ वर येते आणि डोके हृदयाच्या खाली जाते, हे त्याचे संभाव्य कारण आहे.

ही यादी वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पुरुष असणे बदलता येत नाही आणि वजन महिन्याभरात उतरत नाही, पण उरलेल्या चार गोष्टी शस्त्रक्रियेच्या खोलीत ठरतात. म्हणून आपल्या डॉक्टरांना 'धोका किती टक्के' एवढेच विचारू नका. शस्त्रक्रिया साधारण किती तास चालेल, रक्त किती जाण्याचा अंदाज आहे, मला कोणत्या टेबलावर ठेवणार आणि माझे डोके हृदयाच्या पातळीवर राहील का, हेही विचारा.

८. मला मधुमेह आणि रक्तदाब आहे. म्हणजे माझी दृष्टी जाण्याची शक्यता दुप्पट झाली का?

असे म्हणायला आधार नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान यांनी रक्तवाहिन्या खराब होतात, त्यामुळे त्यांच्यावर संशय येणे स्वाभाविक आहे; पण प्रश्न ७ मधील अभ्यासात ही कारणे स्वतंत्र धोका म्हणून सिद्ध झाली नाहीत, आणि नोंदवहीतील (प्रश्न ५) ६४ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वी निरोगी किंवा जेमतेम सौम्य आजार असलेले होते. याचा अर्थ साखर व रक्तदाब दुर्लक्षावेत असा कोणी काढू नये. जखम भरणे, जंतुसंसर्ग आणि हृदयाची सुरक्षितता यांसाठी त्यांचा ताबा लागतोच, आणि मुळात उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णाचा दाब शस्त्रक्रियेत किती उतरू द्यायचा याचा हिशेब वेगळा असतो (प्रश्न ११).

९. शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यांची तपासणी करून घेतली तर धोका ओळखता येईल का?

निरोगी डोळ्यांच्या व्यक्तीमध्ये तपासणीवरून हा धोका आधी सांगता येत नाही. तरीही काही जणांनी ती जरूर करून घ्यावी : ज्यांना काचबिंदू आहे, ज्यांची एका डोळ्याची दृष्टी आधीच गेलेली आहे, ज्यांना पूर्वी ऑप्टिक नर्व्हचा झटका येऊन गेला आहे, आणि ज्यांच्या डोळ्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे. काचबिंदूचे थेंब शस्त्रक्रियेच्या दिवशीही चुकवू नयेत. 'उपाशीपोटी काही घ्यायचे नाही' या सूचनेत डोळ्यांचे थेंब येत नाहीत, तरी भूलतज्ज्ञांना एकदा विचारून घ्यावे.

लैंगिक ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेत असल्यास संकोच न करता सांगावे. या गोळ्यांनंतर ऑप्टिक नर्व्हच्या पुढच्या भागाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, पण त्या रक्तदाबही उतरवतात, म्हणून ही माहिती आम्हाला हवी असते.

१०. मी बेशुद्ध असताना माझ्या डोळ्यांची काळजी नेमकी कशी घेतली जाते?

झोप लागली की प्रथम पापण्या मिटवून त्यांवर हलकी चिकटपट्टी लावली जाते. मग चार-पाच जण मिळून रुग्णाला पालथे करतात. त्या वेळी डोके भूलतज्ज्ञाच्या हातात असते आणि वळवण्याचा इशाराही तोच देतो. चेहरा फोमच्या जाड उशीत ठेवला जातो. तिला डोळे, नाक आणि तोंड यांच्या जागी पोकळी कापलेली असते, आणि तिच्याखाली अनेकदा आरसा असतो. मी टेबलाच्या डोक्याकडे वाकून त्या आरशात दोन्ही पापण्या पाहते, मग बोट आत घालून गोलकाच्या चारही बाजूंना मोकळी जागा आहे का हे चाचपते, कारण आरशात सुटे दिसणारे डोळे कधी कधी कडेच्या फोमला घासत असतात. वजन कपाळावर आणि हनुवटीवर यायला हवे, गालाच्या वरच्या कडेवर नाही. घोड्याच्या नालेसारखा डोकेटेक अनेकांनी सोडून दिला आहे, कारण डोके जरासे घसरले तरी त्याची कड थेट डोळ्यावर येते.

ही पाहणी एकदा करून संपत नाही. शल्यविशारद हातोडी किंवा स्क्रू वापरतात तेव्हा शरीर मिलिमीटर मिलिमीटरने सरकते, म्हणून डोळे ठरावीक वेळाने पुन्हा पाहिले जातात आणि तशी नोंद केली जाते. डोके शक्यतो सरळ आणि हृदयाच्या पातळीवर किंवा किंचित वर ठेवले जाते. त्यासाठी टेबल डोक्याकडून थोडे उचलण्याची पद्धत आहे; त्याने डोळ्यातला दाब कमी राहतो. मोठ्या शस्त्रक्रियेत मनगटातील धमनीत बारीक नळी घालून रक्तदाब क्षणाक्षणाला पाहिला जातो आणि हिमोग्लोबिन मधून मधून तपासले जाते.

यातले बहुतेक काम रुग्णाला कधीच दिसत नाही. पण 'माझे डोळे किती वेळाने तपासणार?' हा प्रश्न भूलतज्ज्ञाला जरूर विचारावा. त्याचा कोणालाही राग येऊ नये.

११. रक्त कमी जावे म्हणून रक्तदाब मुद्दाम कमी ठेवतात असे ऐकले. ते धोक्याचे नाही का?

मर्यादेत आणि योग्य रुग्णात ते केले जाते, कारण कमी रक्तस्राव हाही डोळ्यांच्या हिताचाच असतो. अडचण येते ती दाब किती उतरवायचा आणि किती काळ, यात. अमुक आकड्याखाली गेल्यास दृष्टी जाते अशी रेषा कोणालाही आखता आलेली नाही. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या (प्रश्न ५) २०१९ च्या मार्गदर्शनात, जोखमीच्या रुग्णांमध्ये मुद्दाम रक्तदाब उतरवण्याची गरज खरोखरच आहे, असे भूलतज्ज्ञ आणि शल्यविशारद दोघांचेही मत असेल तेव्हाच तसे करावे, अशा आशयाची भूमिका आहे. जो रुग्ण वर्षानुवर्षे वरच्या दाबाला सरावलेला आहे, त्याला इतरांसाठी 'सामान्य' असलेला दाबही अपुरा पडू शकतो. माझ्या मते मोठ्या, लांबणाऱ्या शस्त्रक्रियेत दाब रुग्णाच्या नेहमीच्या दाबाजवळ ठेवणे आणि रक्त जाऊ नये म्हणून ट्रानेक्झॅमिक ॲसिडसारखे अन्य उपाय वापरणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

१२. डॉक्टर शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करू म्हणतात. त्याचा डोळ्यांशी संबंध आहे का?

असू शकतो. फार लांबणाऱ्या शस्त्रक्रियेचे दोन भाग केले तर पालथे राहण्याचा काळ आणि एका वेळचा रक्तस्राव दोन्ही कमी होतात. दुसरीकडे दोनदा भूल, दोनदा जखम उघडणे आणि संसर्गाचा वाढीव धोका पत्करावा लागतो. काही मणक्यांच्या बाबतीत मधेच थांबणे शक्यच नसते. हा निर्णय रुग्णागणिक बदलतो.

१३. शुद्धीवर आल्यावर आम्ही नातेवाइकांनी काय पाहावे?

या पानावरचे एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे. ऑप्टिक नर्व्हची इजा दुखत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. पाठ मात्र प्रचंड दुखत असते, औषधांची गुंगी असते, डोळे मिटलेले असतात, आणि दिसत नाही हे रुग्णाच्याही ध्यानात यायला कित्येक तास जातात. एका डोळ्याने दिसत असेल, तर आणखी वेळ लागतो.

म्हणून रुग्ण बोलावल्यावर ओ देऊ लागला, की रिकव्हरी रूममध्येच दृष्टी तपासावी. साधन काहीच लागत नाही. तळहाताने एक डोळा पूर्ण झाका, बोटांच्या फटीतून दिसणार नाही असा, आणि दुसऱ्या डोळ्यासमोर हातभर अंतरावर दोन किंवा तीन बोटे धरून 'किती?' असे विचारा. मग डोळा बदला. भिंतीवरच्या घड्याळातली वेळ विचारा. चष्मा असेल तर तो लावून. एखादी लाल वस्तू दोन्ही डोळ्यांना आळीपाळीने दाखवा. एका डोळ्याला ती विटकरी किंवा फिकी वाटत असेल, तर ती तक्रार गंभीर समजावी. 'दिसतंय ना?' या प्रश्नाला गुंगीतला माणूस 'हो' म्हणतोच. त्या उत्तरावर विसंबू नये.

रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम श्वासावर झोपवून ठेवले असेल, तर ही तपासणी लांबते. अशा वेळी अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना बाहुल्यांचा प्रकाशाला प्रतिसाद पाहायला सांगावे, आणि गुंगी उतरताच वरची तपासणी करावी. ती दुसऱ्या दिवशीही पुन्हा करावी, कारण नसेच्या पुढच्या भागाची इजा कधी कधी रुग्णाला काही काळ चांगले दिसल्यानंतर प्रकट होते.

१४. आईला शुद्धीवर आल्यापासून धूसर दिसते आणि डोळ्यात कचरा गेल्यासारखे खुपते. हे तेच आहे का?

बहुधा नाही. खुपणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे ही बुबुळावर ओरखडा आल्याची लक्षणे आहेत. भुलीखालच्या शस्त्रक्रियांनंतर डोळ्याला होणारी ही सर्वात सामान्य इजा आहे आणि थेंबांनी ती बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत भरून येते. डोळ्यात घातलेल्या मलमानेही सुरुवातीला धुके दिसते. उलटी होऊ नये म्हणून कानामागे औषधाची चिकटपट्टी लावली असेल, तर एखादी बाहुली मोठी होऊन जवळचे वाचता येत नाही. बराच वेळ पालथे राहिल्यावर पापण्या टम्म सुजलेल्या असणेही नेहमीचेच आहे, पण सुजेमुळे डोळे उघडत नाहीत म्हणून तपासणी टाळू नये. पापणी हलकेच उचलून बोटे मोजायला लावावी.

एकच सूचना : धुके मलमाचे आहे की दुसरे काही, हे घरच्यांनी ठरवू नये. मलम पुसल्यावरही धूसरपणा राहिला, दृष्टीचा एखादा भाग काळा दिसला, किंवा डोळा ठणकून मळमळू लागले, तर प्रश्न १५ कडे वळावे.

१५. दिसत नाही असे लक्षात आल्यास लगेच काय करायला हवे?

ताबडतोब परिचारिकेला आणि भूलतज्ज्ञांना सांगावे, आणि नेत्रतज्ज्ञांना त्याच वेळी बोलवावे असा आग्रह धरावा. 'उद्याच्या राउंडला पाहू' हे उत्तर स्वीकारू नये. ते येईपर्यंत थांबून राहायचे नसते : रक्तदाब कमी असेल तर वर आणणे, हिमोग्लोबिन तपासून गरज असल्यास रक्त देणे, प्राणवायू देणे आणि डोक्याकडची बाजू उंच करणे, हे उपचार करणारे डॉक्टर सुरू करू शकतात. नेत्रतज्ज्ञ बाहुल्या, डोळ्यातला दाब आणि आतला पडदा तपासतील. मेंदूतील कारण वगळण्यासाठी एमआरआय किंवा सीटी करावे लागते. मणक्यात बसवलेल्या स्क्रूंमुळे एमआरआय करता येईल का, हे शल्यविशारद सांगतील.

१६. स्टेरॉइडने किंवा इंजेक्शनने दृष्टी परत येते का?

ऑप्टिक नर्व्हच्या या इजेवर स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी औषधे किंवा डोळ्यातला दाब कमी करणारे थेंब यांपैकी कशाचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. मणक्यात नुकतेच धातूचे स्क्रू बसवलेले असताना मोठ्या मात्रेतील स्टेरॉइडने संसर्गाचा आणि जखम न भरण्याचा धोका वाढतो, हेही तराजूत घालावे लागते. 'काहीतरी करा' या घरच्यांच्या आर्जवापुढे डॉक्टरांचे मन द्रवते, आणि मग आशेपोटी औषध दिले जाते. ते देण्यापूर्वी दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलल्या गेल्या पाहिजेत.

रेटिनाच्या धमनीच्या बाबतीत वेळच हाती नसतो. माकडांवरील प्रयोगांत रेटिनाने सुमारे दीड तासापर्यंत रक्ताशिवाय तग धरला आणि ४ तासांनंतर इजा मोठी व कायमची झाली. रुग्ण शुद्धीवर येतो तेव्हा ही मुदत बहुधा उलटून गेलेली असते. काचबिंदूचा झटका मात्र खरोखर उपचारसाध्य आहे, आणि म्हणूनच कारण ओळखण्याची घाई करायची.

१७. गेलेली दृष्टी किती परत येते?

ऑप्टिक नर्व्हच्या इजेत काही रुग्णांना थोडी सुधारणा होते, अंधारातून उजेड कळू लागतो किंवा हाताची हालचाल दिसू लागते, पण पूर्ववत दृष्टी क्वचितच येते. रेटिनाच्या धमनीच्या इजेतही आशा कमीच असते. मेंदूतील कारणाने गेलेली दृष्टी तुलनेने अधिक सुधारू शकते, विशेषतः मेंदूला केवळ तात्पुरती सूज आलेली असेल तर. खोटा धीर देण्यापेक्षा हे स्पष्ट सांगणे मला योग्य वाटते, कारण दृष्टीशिवाय वावरण्याचे प्रशिक्षण, पांढऱ्या काठीचा सराव, मोबाईलवरील वाचून दाखवणारी सोय आणि मानसिक आधार जितके लवकर सुरू होतील तितके रुग्णाचे हाल कमी होतात.

१८. नेत्रतज्ज्ञ म्हणाले 'डोळा उत्तम आहे', पण भावाला काहीच दिसत नाही. तो ढोंग करतो आहे का?

नाही, आणि असे त्याच्यासमोर कोणी बोलू नये. प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे नसेच्या मागच्या भागाच्या इजेत डोळा सुरुवातीला आतून निरोगीच दिसतो. नसेचे तोंड फिके पडायला ४ ते ८ आठवडे लागतात. या काळात खरा साक्षीदार म्हणजे बाहुली. एकाच डोळ्याची नस बाधित असेल, तर विजेरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवताना बाधित डोळ्यावर प्रकाश पडताच बाहुली आकसण्याऐवजी मोठी होते. दोन्ही नसा सारख्याच बाधित असतील, तर दोन्ही बाहुल्या मंद असतात. आणि बाहुल्याही चांगल्या, पडदाही चांगला, तरी दिसत नसेल, तर मेंदूची तपासणी राहिली आहे असे समजावे.

१९. माझ्या मुलीच्या पाठीच्या बाकाची शस्त्रक्रिया आहे. लहानांमध्येही हे होते का?

होते, पण स्वरूप वेगळे असते. १८ वर्षांखालील रुग्णांमध्ये ऑप्टिक नर्व्हपेक्षा मेंदूतील कारणाने दृष्टी जाण्याकडे कल दिसतो. मूल 'दिसत नाही' असे शब्दांत सांगेलच असे नाही. ते आवाजाच्या दिशेने मान वळवते पण समोर धरलेल्या खेळण्याकडे पाहत नाही, हे सर्वांत आधी आईबापांच्याच लक्षात येते. तसे वाटले तर लगेच सांगावे.

२०. माझ्या रेटिनाची शस्त्रक्रिया होऊन डोळ्यात गॅस भरला आहे. मणक्याची शस्त्रक्रिया करता येईल का?

गॅस पूर्ण विरेपर्यंत थांबता येत असेल तर थांबावे. भुलीत नायट्रस ऑक्साइड हा वायू वापरला, तर तो डोळ्यातल्या बुडबुड्यात शिरून तो फुगवतो, डोळ्यातला दाब एकदम चढतो आणि रेटिनाची धमनी बंद पडू शकते. गॅसचा प्रकार पाहता बुडबुडा काही आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत टिकू शकतो. नेत्रतज्ज्ञ मनगटावर सूचनेची पट्टी बांधतात ती याचसाठी. ती काढू नये. तातडीची शस्त्रक्रिया असेल, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगितल्यास नायट्रस ऑक्साइड सहज टाळता येतो.

२१. आम्हाला हा धोका कोणी सांगितलाच नव्हता. तो सांगणे आवश्यक असते का?

लांबणाऱ्या आणि बराच रक्तस्राव अपेक्षित असलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी हा लहान, आधी सांगता न येणारा धोका रुग्णाला सांगण्याचा विचार व्हावा, असे प्रश्न ११ मध्ये उल्लेखलेले मार्गदर्शन म्हणते. छोट्या शस्त्रक्रियेत तो निर्णय डॉक्टरांवर सोपवला आहे. माझे मत याहून पुढचे आहे. मोठ्या फ्युजनच्या आधी हे सांगायलाच हवे, आणि तेही शस्त्रक्रियेच्या सकाळी ट्रॉलीवर नाही, तर आदल्या भेटीत, घरचे सोबत असताना. धोका ऐकून शस्त्रक्रिया नाकारलेले रुग्ण मी फार थोडे पाहिले आहेत. पूर्वकल्पना असलेला रुग्ण मात्र जागा झाल्यावर स्वतःहून एक डोळा झाकून पाहतो.

२२. मला एकाच डोळ्याने दिसते. तरीही शस्त्रक्रिया करावी का?

हा या पानावरचा सर्वात कठीण प्रश्न आहे. इजा होण्याची शक्यता तुमच्यासाठी वाढत नाही, पण झाल्यास राखीव डोळा नाही. म्हणून प्रथम शस्त्रक्रिया कशासाठी आहे ते पाहावे. पायांची ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर थांबण्याची किंमत निश्चित आणि मोठी आहे, आणि डोळ्याचा धोका तिच्यापुढे लहान ठरतो. केवळ वेदनेसाठी, अनेक मणक्यांची, दिवसभर चालणारी शस्त्रक्रिया सुचवली असेल, तर कमी पातळ्यांवर किंवा कमी वेळात भागेल असा पर्याय आहे का, हे दुसऱ्या शल्यविशारदांनाही विचारावे. निर्णय झाल्यावर भूलतज्ज्ञांची भेट आधी मागून घ्यावी, त्यांना चांगला डोळा कोणता ते सांगावे, आणि तो शस्त्रक्रियेच्या कागदावर ठळक लिहून घ्यावा. माझ्याकडे असा रुग्ण आला की मी त्याच्या चांगल्या डोळ्याची बाजू स्वतः लिहून घेते आणि शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी खोलीतल्या सर्वांना ती मोठ्याने सांगते.